अंबरनाथच्या काडेपेटीमागचा फॉस्फरस

अंबरनाथ पश्चिमेला रिक्षावाल्याला 'विम्को नाका' एवढं सांगितलं की तो पुढचं काही विचारत नाही. ज्या कारखान्यावरून हे नाव पडलं तो वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना बंद झाला. पण कित्येक घरांतली चूल, देवापुढची समई आणि आजोबांची विडी तिथल्या काडीवर पेटलेली आहे. त्या काडेपेटीच्या कडेला तपकिरी घासपट्टी असते, तिच्यात लाल फॉस्फरस असतो. तो तिथे येईपर्यंत माणसांचे फार हाल झाले. ती हकीकत ठाऊक नसेल तर फॉस्फरसचे गुणधर्म नुसते पाठ होतात, कळत नाहीत.

1669मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिंग ब्रांड नावाचा किमयागार मूत्रातून सोनं काढायच्या मागे लागला होता. पिंपच्या पिंप मूत्र साठवायचं, आटवायचं आणि उरलेला साका भट्टीत लालभडक होईपर्यंत तापवायचा. सोनं काही निघालं नाही. हाती आला तो अंधारात हिरवट उजेड देणारा, मेणासारखा मऊ पदार्थ. पुढची शंभर वर्षं तो दुर्मीळ आणि महागच राहिला. मग 1770च्या आसपास स्वीडनमधल्या गान आणि शेले यांनी हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असतं हे दाखवलं. हाडांपासून फॉस्फरस मिळू लागला आणि तो कारखान्यांच्या आवाक्यात आला.

ब्रांडच्या हाती लागला तो पांढरा फॉस्फरस. याच्या रेणूत चार अणू त्रिकोणी पिरॅमिडच्या चार टोकांवर बसलेले असतात. त्यांच्यातले बंध इतके ताणलेले असतात की तुटायला नुसतं निमित्त पुरतं. म्हणून तो 30 अंश सेल्सियसच्या आसपास हवेत आपोआप पेट घेतो आणि 44 अंशांना वितळतो. ठाण्यात मे महिन्यात पंख्याखाली बसलं तरी खोलीचं तापमान 30च्या वर असतं, तेव्हा तो उघडा ठेवायची सोयच नाही. तो पाण्याखालीच ठेवावा लागतो.

1830च्या सुमारास हाच पांढरा फॉस्फरस काडीच्या गुलात आला. काडी कुठेही घासा, भिंतीवर किंवा बुटाच्या तळव्यावर, ती पेटायची. लोकांना ते फार सोयीचं वाटलं. मात्र काड्या बुडवणाऱ्या आणि भरणाऱ्या कामगारांच्या श्वासातून फॉस्फरसची वाफ रोज आत जात होती. आधी दात दुखायचा, मग हिरडी सुजायची, पू व्हायचा आणि शेवटी जबड्याचं हाड आतून सडायचं. जबडा कापून काढण्यावाचून इलाज नसे. इंग्रजीत या रोगाला 'फॉसी जॉ' म्हणत. बळी पडलेल्यांत बायका आणि पोरं पुष्कळ होती. 1888मध्ये लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे 1,400 मुली-बायका काम सोडून बाहेर पडल्या. कमी मजुरी आणि दंडाची जाचक पद्धत यांच्या जोडीला हा रोगही त्यांच्या पाठी लागलेला होता.

खरं म्हणजे तोवर सुरक्षित वाट सापडून चाळीस वर्षं होत आली होती. पांढरा फॉस्फरस हवा न लागू देता 250 अंशांच्या आसपास तापवत ठेवला की त्याचा लाल फॉस्फरस होतो, हे व्हिएन्नाच्या आंतोन श्रोटर यांनी दाखवलं होतं. मूलद्रव्य तेच, फक्त अणूंची गुंफण वेगळी. चार-चारचे सुटे रेणू जाऊन लांब साखळ्या होतात, आणि हा लाल फॉस्फरस साध्या हवेत पेटत नाही, विषारीही जवळपास नाही. स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी 1850च्या दशकात तो काडीवरून काढून पेटीच्या कडेला लावला. गुलात पोटॅशियम क्लोरेट, घासपट्टीत लाल फॉस्फरस आणि काचेची पूड. घासल्यावर त्या जागी किंचितसा लाल फॉस्फरस पुन्हा पांढरा होतो, पेटतो आणि गुलातला क्लोरेट त्याला ऑक्सिजन पुरवतो. तरीही पांढरा फॉस्फरस स्वस्त पडत होता, म्हणून कारखानदारांनी तो सोडला नाही. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते. 1906च्या बर्न करारानंतर देशोदेशी बंदी आली. भारतात त्यासाठी 1913मध्ये कायदा झाला.

1922मध्ये इथे आयात काडेपेट्यांवर जबर जकात बसली, तेव्हा इथे काडेपेट्या पाठवणाऱ्या स्वीडिश मॅच कंपनीनं माल पाठवण्याऐवजी कारखानाच इथे उभारायचं ठरवलं. अंबरनाथला काडेपेटी आली ती अशी.

आज जगातला बहुतेक फॉस्फरस मात्र शेतात जातो. 1842मध्ये इंग्लंडच्या जॉन लॉज यांनी फॉस्फेटवर गंधकाम्ल ओतून सुपरफॉस्फेट बनवायचं पेटंट घेतलं, आणि नत्र, स्फुरद, पालाश यांतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पोत्यात भरून विकता येऊ लागलं. भारतात फॉस्फेटचा दगड उदयपूरजवळ झामरकोट्र्याला निघतो, पण तो पुरत नाही. दगड, फॉस्फोरिक आम्ल आणि तयार डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे खत) बाहेरून आणावं लागतं. जगातल्या साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत.

मुरबाड-शहापूरच्या भातशेतीत आणखी एक अडचण आहे. कोकणातल्या आम्लधर्मी मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला धरून ठेवतं, त्यामुळे वरून फेकलेलं खत मुळांपर्यंत पोचत नाही. चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीत त्यावर तोड काढली आहे. चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची अडीच-तीन ग्रॅमची एक गोळी हातानं चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. फॉस्फरस मातीत जागचा हलत नाही, म्हणून तो मुळांच्या तोंडाशीच नेऊन ठेवायचा.

इतर उपयोग पुष्कळ आहेत, कोलातल्या आंबटपणापासून पत्र्याच्या रंगकामापर्यंत. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये पावडर कोटिंगआधी 'फॉस्फेटिंग'ची टाकी असते. चकचकीत पत्रा तिच्यातून राखाडी होऊन निघतो आणि मग रंग घट्ट धरतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाण्याची. नत्र हवेत परत जातं. फॉस्फरसचं तसं नाही, तो पाण्याबरोबर वाहतो आणि गाळात बसतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 700 ग्रॅम फॉस्फरस असतो आणि रोज जेवढा पोटात जातो जवळजवळ तेवढाच मलमूत्रातून बाहेर पडतो. त्यात साबण-डिटर्जंटची भर. मोहन्याजवळ उल्हास नदीवर दाट जलपर्णी पसरते ती याच फॉस्फेटवर आणि नत्रावर पोसून. ती कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासा मरतो. त्याची झळ आधी कोळ्यांना लागते.

सांडपाणी शुद्ध करताना फॉस्फरस पकडता येतो. काही जिवाणूंना आलटून पालटून ऑक्सिजनशिवाय आणि ऑक्सिजनमध्ये ठेवलं की ते गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट पोटात भरून घेतात आणि गाळाबरोबर निघून जातात. त्या गाळाच्या पाण्यात मॅग्नेशियम घातलं की स्ट्रुवाइट नावाचे पांढरे खडे मिळतात. जर्मनीनं 2017मध्ये नियम केला की 2029पासून मोठ्या केंद्रांनी गाळातला फॉस्फरस परत काढलाच पाहिजे. खाडीकाठच्या आपल्या केंद्रांनाही हे बंधन घातलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. स्ट्रुवाइट हे खतच आहे. ते पाण्यात सावकाश विरघळतं आणि आम्लधर्मी जमिनीत पिकाला अधिक लागू पडतं, आणि मुरबाड-शहापूरची भातखाचरं नेमकी त्याच प्रकारची आहेत.