शिट्टी, मैदान आणि आजी

एखादी आजी गेली की तिच्याविषयी लिहिताना आपण सहज लिहून जातो, ‘शिक्षिका होत्या, खेळाची फार आवड होती.’ नोकरी एका बाजूला, छंद दुसऱ्या बाजूला. 1930च्या दशकात जन्मलेल्या बाईबद्दल अशी वाटणी केलेली मला पटत नाही. त्या काळात पाश्चात्त्य देशांतही एखाद्या मुलीला खेळातच आयुष्य काढायचं असेल, तर तिच्यापुढे जवळजवळ एकच वाट होती. शिक्षिका व्हायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि मैदानावर उभं राहायचं. तिच्या शिक्षिका होण्यातच तिचं खेळाचं वेड होतं.

ही वाट बायकांनीच पाडली. स्वीडनहून आलेल्या मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्याकडे 1881 मध्ये लंडनच्या स्कूल बोर्डाने मुलींच्या शारीरिक शिक्षणाची जबाबदारी दिली. 1885 मध्ये त्यांनी व्यायामशिक्षिका घडवणारं स्वतःचं कॉलेज हॅम्पस्टेडला सुरू केलं आणि दहा वर्षांनी ते डार्टफर्डला नेलं. पायघोळ झगा आणि आवळलेला कॉर्सेट घालून उडी मारणार तरी कशी? मुलींच्या शाळांचा पुढे गणवेशच झालेला सैल, बिनबाह्यांचा जिमस्लिप याच कॉलेजातल्या मेरी टेट या विद्यार्थिनीने तयार केला.

अमेरिकेत सेंडा बेरेन्सन यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. लहानपणापासून त्यांची प्रकृती नाजूक. तब्येत सुधारावी म्हणून त्यांना बोस्टनच्या व्यायामशिक्षकांच्या विद्यालयात घातलं, आणि तिथून बाहेर पडल्या त्या शिक्षिका होऊनच. 1892 मध्ये त्या स्मिथ या मुलींच्या कॉलेजात रुजू झाल्या. बास्केटबॉल तेव्हा जेमतेम काही आठवड्यांचा खेळ होता. त्यांनी तो आपल्या मुलींना शिकवला आणि मार्च 1893 मध्ये कॉलेजातल्या दोन वर्गांचा सामना लावला. पुरुषांना आत प्रवेश नव्हता.

मुलींसाठी त्यांनी नियम मात्र बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि आपला भाग ओलांडायला बंदी घातली. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावायलाही मनाई केली. जास्त धावून मुली दमतील, ही त्या काळाची भीती त्या नियमांत उतरली होती. 1938 मध्ये तीनचे दोन भाग झाले आणि संघात सहा खेळाडू ठरले. बास्केट करणाऱ्या तिघी एका अर्ध्यात, अडवणाऱ्या तिघी दुसऱ्या अर्ध्यात. म्हणजे त्या काळी शाळेकडून खेळलेल्या एखाद्या आजीने जन्मात एकही बास्केट केली नसेल, कारण तिला रेषेपलीकडे जाताच येत नव्हतं! आयोवा राज्यातल्या शाळांत हा सहा जणींचा खेळ 1993 पर्यंत टिकला.

याहून गुंतागुंतीचा भाग पुढे आहे. अमेरिकेत 1920च्या दशकात मुलींच्या चुरशीच्या सामन्यांना सर्वांत ठाम विरोध केला तो या शिक्षिकांनीच. प्रेक्षकांची तिकिटं, पुरुष प्रशिक्षक आणि मोजक्या चमकदार खेळाडूंसाठी बाकी सगळ्या मुलींकडे होणारं दुर्लक्ष त्यांना नको होतं. प्रत्येक मुलीला एक तरी खेळ यावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून ‘प्ले डे’ भरू लागले. वेगवेगळ्या शाळांच्या मुली एकत्र मिसळून संघ पाडायचे, म्हणजे कोणतीच शाळा जिंकत नाही आणि कोणतीच हरत नाही. यातला सगळ्यांना सामावून घेण्याचा विचार मला मोलाचा वाटतो. पण ज्या मुलीच्या अंगात जिंकण्याची आग होती, तिची त्यात घुसमट झाली असणार. पुढे शिक्षिका झाल्यावर तिने काय केलं असेल? ‘जीव तोडून पळ’ असं आपल्या विद्यार्थिनींना ओरडून सांगितलं असेल, असं मला वाटतं.

स्पर्धेची मोठी दारं तर बंदच होती. 1900च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 997 खेळाडूंत फक्त 22 महिला होत्या. ॲथलेटिक्स त्यांना खुलं नव्हतं, तेव्हा फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांनी 1922 मध्ये पॅरिसमध्ये महिलांची वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. त्या दबावामुळे 1928 मध्ये ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ॲथलेटिक्सचे पाच प्रकार आले. 800 मीटर शर्यत जर्मनीच्या लीना राडके यांनी 2 मिनिटं 16.8 सेकंदांत, जागतिक विक्रम करून जिंकली. अंतिम फेरीतल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. तरीही धावपटू कोसळल्याच्या भडक बातम्या छापून आल्या आणि त्यानंतर 1960 पर्यंत ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी 200 मीटरहून लांब शर्यत ठेवलीच गेली नाही. इंग्लंडमध्ये 1921 साली फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं महिलांना बंद केली. ती बंदी उठायला 50 वर्षं लागली.

‘शिक्षिका आणि आजी’ हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे. 1944च्या शिक्षण कायद्याने ही अट गेली. आयर्लंडच्या प्राथमिक शाळांत ती 1958 पर्यंत होती. त्याआधीच्या किती तरी क्रीडाशिक्षिका मैदानासाठी अविवाहित राहिल्या किंवा संसारासाठी मैदान सोडून गेल्या. दोन्ही सांभाळू शकलेली पहिली मोठी पिढी म्हणजे आज आपण जिला आजी म्हणून निरोप देतो आहोत ती. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या नेदरलँड्सच्या धावपटू फॅनी ब्लँकर्स-कोएन 30 वर्षांच्या होत्या, दोन मुलांची आई होत्या. त्यांनी घरी बसावं, असं सांगणारे तेव्हाही होतेच.

समजा, ही आजी 1935 सालची. 800 मीटर ऑलिंपिकमध्ये परतली तेव्हा ती 25 वर्षांची. अमेरिकेत 1972 मध्ये टायटल नाईन कायदा आला आणि सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना डावलणं बेकायदा ठरलं, तेव्हा ती 37 वर्षांची. महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन 1984 मध्ये झाली, तेव्हा 49 वर्षांची. प्रत्येक दार उघडलं ते तिची वेळ निघून गेल्यावर, तिच्या विद्यार्थिनींसाठी.

त्या कायद्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. तोवर अमेरिकन कॉलेजांतल्या महिला संघांच्या दहापैकी नऊहून अधिक प्रशिक्षक महिलाच होत्या. पैसा आणि प्रतिष्ठा आल्यावर मुलींचे आणि मुलांचे क्रीडाविभाग एकत्र झाले, वरच्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष बसले आणि महिला प्रशिक्षकांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं. मुलींना मैदान मिळालं. ज्यांनी ते इतकी वर्षं राखलं होतं, त्या बाई मात्र बाजूला पडल्या.

तरी एक गोष्ट तिच्या वाट्याला वेळेवर आली. 1975 मध्ये टोरांटोला प्रौढ ॲथलीटांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि त्यात महिलांच्या शर्यतीही होत्या. 1935 साली जन्मलेली शिक्षिका तेव्हा 40 वर्षांची होती. शाळेत असताना तिला मोठ्या शर्यती धावू दिल्या नव्हत्या. आता तिच्याच वयोगटातल्या बायकांसाठी ट्रॅकवर रेघा आखलेल्या होत्या.