घाणा आणि काईल : कार्य आणि उष्णता यांत गल्लत कुठे होते?

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर ऊर्जा दोन वाटांनी कामाला लागते. उसाचा रस काढणारा घाणा फिरतो तो मोटारीच्या जोरावर आणि रस आटवायची मोठी कढई, म्हणजे काईल, उकळते ती चुलवाणातल्या जाळावर. पहिल्या वाटेला भौतिकशास्त्रात कार्य म्हणतात, दुसरीला उष्णता. दोन्ही जूलमध्येच मोजतात, म्हणून गल्लत होते.

‘तापलेल्या रसात उष्णता भरलेली असते’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, पण ते चूक आहे. रसात असते ती आंतरिक ऊर्जा, म्हणजे रेणूंची हालचाल आणि त्यांची एकमेकांतली ओढ यांची मिळून ऊर्जा. उष्णता आणि कार्य ही साठ्याची नावं नव्हेत. वस्तूची हद्द ओलांडताना ऊर्जा कोणत्या वाटेनं गेली, एवढंच ती सांगतात. तापमानातल्या फरकामुळे गेली तर उष्णता. ढकलून, फिरवून किंवा दाबून दिली तर कार्य. एकदा आत शिरली की ती कुठल्या वाटेनं आली हे रसाकडं बघून कळत नाही.

फरक आहे तो गतीच्या शिस्तीत. इंजिनाचा दट्ट्या (पिस्टन) सरकतो तेव्हा त्यातले सगळे अणू मिळून एकाच दिशेला जातात. काईलीच्या तापलेल्या पत्र्यातले अणू मात्र जागच्या जागी वाटेल तसे थरथरतात आणि तीच थरथर रसाच्या रेणूंना देतात.

बारावीच्या मुलांचे गुण जातात ते चिन्हात. ΔU म्हणजे आंतरिक ऊर्जेतला बदल आणि Q म्हणजे दिलेली उष्णता. भौतिकशास्त्रात ΔU = Q − W लिहितात, कारण तिथं W म्हणजे वायूनं केलेलं कार्य. रसायनशास्त्रात ΔU = Q + W, कारण तिथं W म्हणजे वायूवर केलेलं कार्य. नियम एकच आहे. गणित सोडवण्याआधी W कुणाचं ते लिहून ठेवावं.

दुसरी गल्लत तापमानाची. तापमान वाढलं म्हणजे उष्णता दिली असणारच, असं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीनं ज्यांच्यावर नाव कमावलं त्या ऑइल इंजिनांत स्पार्क प्लग नसतो. दट्ट्या हवा सतरा-अठरा पट दाबतो आणि निव्वळ त्या कार्यानं ती 500 अंशांच्या वर तापते. डिझेल फवारलं की पेटतं. गार सकाळी इंजिन सुरू होईना, तर कारण इथंच असू शकतं. इंजिन हळू फिरलं, की दाबलेल्या हवेतली ऊर्जा उष्णता होऊन थंड सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते. दट्ट्यावरच्या रिंगा झिजल्या असतील तर हवाच निसटते आणि पेट घेण्याइतकं तापमान गाठलं जात नाही.

काईलीत याच्या उलट घडतं : उष्णता देत राहिलं तरी उकळताना तापमान थांबतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, म्हणून पाणी इथं 98 अंशांच्या आसपास उकळतं. एक किलो पाणी 28 वरून 98 अंशांवर न्यायला सुमारे 293 किलोजूल लागतात. त्याची वाफ करायला आणखी 2260 किलोजूल, आणि तेवढ्या वेळात तापमान जवळपास हलत नाही. पाणी घटून पाक दाटला की उत्कलनबिंदू चढू लागतो आणि गूळ होताना 118 अंशांच्या आसपास पोचतो. हा शेवटचा टप्पा फसवा. उडायला पाणी थोडंच उरलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच जाळावर तापमान झपाट्यानं वर जातं. जाळ वेळेत कमी केला नाही, तर पाक करपतो आणि गूळ काळा पडतो. काईल कधी उतरवायची हे ठरवणाऱ्या गुळव्याची नजर म्हणूनच मोलाची.

शिस्तीची गती विस्कटायला, म्हणजे कार्यानं वस्तू तापायला, काहीच अडत नाही. रम्फर्ड या शास्त्रज्ञानं 1798 साली म्युनिकमधला प्रयोग मांडला. बोथट हत्यारानं तोफेचा गाभा कोरताना भोवतीचं पाणी अडीच तासांत उकळलं होतं, खाली जाळ नसताना. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या मशिन शॉपमध्येही तेच होतं. कापण्यासाठी 1 किलोवॅट मिनिटभर खर्ची पडला तर 60 किलोजूल कार्याची जवळजवळ सगळी आंतरिक ऊर्जा होते. बरीचशी कापलेल्या धातूच्या चिपांबरोबर जाते. पण दहा टक्के जरी एक किलोच्या ओतीव नगात राहिली, तरी तो सुमारे 13 अंशांनी तापतो आणि त्यातला 100 मिलिमीटरचा बोअर (कोरलेलं भोक) 14 मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या 14 हजारांशांनी, फुगतो. गरम असताना मापात बसलेला नग गार झाल्यावर लहान भरतो तो यामुळे. मोजण्याआधी नग आणि गेज (मापायचं साधन) एकाच तापमानाला येऊ द्यावेत; प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस.

विस्कटलेली गती पुन्हा शिस्तीत आणताना मात्र मर्यादा पडते, ती फ्रेंच अभियंता कार्नोनं 1824 साली दाखवली. साखर कारखान्यात 480 अंशांची वाफ टर्बाइनमध्ये गेली आणि 45 अंशांवर थंड केली, तर केल्व्हिनमध्ये 753 आणि 318. म्हणजे अगदी आदर्श यंत्रातसुद्धा दिलेल्या उष्णतेच्या (753 − 318) ÷ 753, म्हणजे 58 टक्क्यांच्या आसपासच कार्य मिळेल, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. म्हणून जिथं रसही आटवायचा असतो, तिथं वाफ इतकी थंड होऊच देत नाहीत. टर्बाइन फिरवून ती सव्वाशे अंशांच्या आसपास बाहेर काढतात आणि रस आटवायच्या भांड्यांकडं पाठवतात. तिथं तिचं पाणी होताना किलोमागं सुमारे 2200 किलोजूल उष्णता रसाला मिळते.