इमविक कसोट्या

आतड्यात राहणारे ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंजनात जांभळा रंग न टिकवणारे) दंडाणू, म्हणजे दांड्याच्या आकाराचे जीवाणू, एकमेकांपासून वेगळे ओळखण्याच्या चार जीवरासायनिक संवर्धन-कसोट्या. इंडोल, मिथिल रेड, व्होगेस-प्रोस्काउर व सायट्रेट यांच्या आद्याक्षरांचे हे जोडनाव. ‘व्ही’ आणि ‘सी’ यांमधला ‘इ’ निव्वळ उच्चारासाठी. नाव साधारणतः १९३६ च्या सुमाराचे मानतात, कसोट्या त्याहून जुन्या. सूक्ष्मदर्शकाखाली हे दंडाणू सारखेच दिसतात. फरक कळतो तो त्यांच्या चयापचयात.

इंडोल कसोटीत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन होऊन इंडोल बनते का ते तपासतात. ते बनले असल्यास कोव्हॅक्स अभिकर्मकाचे थेंब पडताच वरच्या थरात चेरीच्या रंगाचे कडे उमटते. मिथिल रेड हा दर्शक माध्यमाचा सामू (पीएच) ४.४ च्या खाली गेल्यावर लाल राहतो. मात्र पहिल्या दिवशी धन व ऋण अशा दोन्ही गटांच्या नळ्या आम्लच असतात, म्हणून ४८ तास थांबावे लागते. घाईने वाचलेला निकाल येथेच फसतो.

सर्वाधिक चर्चा झाली ती तिसऱ्या, व्होगेस-प्रोस्काउर कसोटीची. पोटॅश (दाहक अल्कली) घातलेल्या संवर्धात लाल रंग येतो, हे व्होगेस व प्रोस्काउर यांनी १८९८ मध्ये नोंदवले, पण कारण उलगडले नाही. हार्डन यांनी १९०६ मध्ये जीवाणूंनी ग्लुकोजपासून बनवलेल्या ॲसिटॉइनकडे बोट दाखवले. हवेतील ऑक्सिजनने त्याचे डायॲसिटिल होते आणि ते पेप्टोनमधील (माध्यमातील अर्धपचित प्रथिनांमधील) ग्वानिडीन गटाशी संयोग पावून रंग देते, हे स्पष्टीकरण आज ग्राह्य धरले जाते. नळी हलवायची ती या हवेसाठीच. आल्फा-नॅफ्थॉल हे रंग गडद करणारे रसायन आधी आणि पोटॅश नंतर, हा क्रमही मोडू नये. फार वेळ ठेवलेल्या ऋण नळीतही तांबूस छटा येते.

सायट्रेटवरच गुजराण करता येते का, हे पाहण्यासाठी सिमन्सचे हिरवे अगार (घट्ट माध्यम). वाढ झाली की ते निळे होते.

एश्चेरिकिया कोलायचे निकाल अनुक्रमे धन, धन, ऋण, ऋण. क्लेब्सिएला न्यूमोनिईचे बहुधा नेमके उलट. पाण्याच्या तपासणीत निकालांचा पहिला नमुना विष्ठेतील जीवाणूंचा, दुसरा मातीतील, अशी विभागणी पूर्वी केली जाई. मधले नमुने सापडू लागले, शिवाय क्लेब्सिएला माणसाच्या आतड्यातही असतो. त्यामुळे ४४ अंश सेल्सियसला होणारी वाढ आणि इंडोल यांची जोडी विष्ठेतील कोलाय ओळखायला अधिक भरवशाची ठरते.

विषमज्वराचा दंडाणू आणि शिगेलाचे काही प्रकार यांचा इमविक नमुना एकच येतो. तेथे चलनशीलता, हायड्रोजन सल्फाइड व रक्तद्रवाने होणारे समूहन (जीवाणूंच्या गुठळ्या होणे) पाहावे लागते. एपीआय २० ई या तयार पट्टीवरील वीस कसोट्यांत इंडोल, व्होगेस-प्रोस्काउर व सायट्रेट आहेत. मिथिल रेड नाही.