प्रशिक्षणाचे जेट निःशस्त्रच असते का?

‘दोन आसनांचे प्रशिक्षण जेट म्हणजे निःशस्त्र, युद्धात निरुपयोगी विमान’ हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि नावामुळे तो होणे स्वाभाविकही आहे. मात्र फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी मिळून घडवलेले, १९७३ मध्ये प्रथम उडालेले अल्फा जेट पाहावे. फ्रान्सने ते मुख्यतः प्रशिक्षणासाठी घेतले. पश्चिम जर्मनीने मात्र त्याच विमानाच्या पोटाखाली २७ मिलिमीटरची तोफ बसवून ते जमिनीवरील लक्ष्यांवरील हल्ल्यासाठी वापरले. दोन्हींत आसने दोनच होती, त्यामुळे आसने मोजून निष्कर्ष काढता येत नाही. जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून पडताळणी करावी: फ्रेंच विमानाचे नाक गोलसर, जर्मन विमानाचे टोकदार, हा फरक मला सर्वांत बोलका वाटतो. शस्त्रसज्ज विमानाच्या प्रत्येक पंखाखाली बॉम्ब अडकवण्याच्या दोन जागाही दिसतात.