बहावा फुलला की 45 दिवसांनी पाऊस?

हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. मुंबईत मोसमी पाऊस सरासरी 11 जूनला पोहोचतो. 45 दिवस मागे गेलं की 27 एप्रिल. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतोच, म्हणून हिशोब जुळल्यासारखा वाटतो. पण एकाच गल्लीतली दोन झाडंही वेगवेगळ्या आठवड्यांत फुलतात. मोजायचं कुठल्यापासून?

पडताळायचं तर एकच झाड धरा, दर आठवड्याला ठरल्या वारी बघा. पालवी, कळ्या, फुलं, शेंगा, प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘भरपूर’ लिहा. चूक हमखास कळ्यांत होते: गोल, पिवळसर कळ्यांचा घोस लांबून फुललेलाच दिसतो. पाच पाकळ्या उघडलेलं फूल दिसेपर्यंत ‘फुलला’ लिहू नका. ‘नाही’चे आठवडेही नोंदवा, ते गाळले तर पहिलं फूल नेमकं कधी आलं, हे नंतर सांगता येत नाही.