प्रश्नचिन्हापुढची शेपटी

कुणी लिंक पाठवली की मी आधी तिची शेपटी बघते. वेबसाइटचा पत्ता संपतो, मग एक प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे अक्षरांची लांबलचक माळ. ती पाहून अनेक जण दचकतात. कुणाला तो व्हायरस वाटतो, तर कुणाला फोन आपलं बोलणं चोरून ऐकत असल्याचा पुरावा. खरं तर ती एक चिठ्ठी असते, तीही उघडी. कुणीही वाचावी.

अशी चिठ्ठी लागते, कारण पाहुणा कुठून आला हे वेबसाइटला आपोआप नीट कळत नाही. ब्राउझर पान मागताना 'रेफरर' नावाच्या ओळीत आधीचं पान कुठलं होतं ते सांगतो. (एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या, १९९६ च्या दस्तऐवजात या शब्दाच्या स्पेलिंगमधला एक 'आर' गळला. सगळं जग ते चुकलेलं स्पेलिंग आजही इमानेइतबारे वापरतं.) पण मेलच्या ॲपमधून लिंक उघडली तर ही ओळ बहुतेकदा कोरी येते. शिवाय २०२० पासून क्रोमही दुसऱ्या साइटवर जाताना सहसा फक्त साइटचं नाव सांगतो, नेमकं पान नाही. आणि एकाच पानावर आपल्या तीन जाहिराती असतील, तर त्यांतली कुठली कामी आली हे रेफरर कधीच सांगू शकत नाही.

म्हणून उत्तर लिंकमध्येच लिहून ठेवायचं. प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम_सोर्स=न्यूजलेटर', मग '&' हे चिन्ह, मग 'यूटीएम_मीडियम=ईमेल', पुन्हा '&' आणि 'यूटीएम_कॅम्पेन=वर्धापनदिन'. डावीकडे खण, उजवीकडे त्यात टाकलेली वस्तू. वेबसाइटचा सर्व्हर या मजकुराकडे सहसा लक्षच देत नाही, शेपटी असो वा नसो, पान तेच देतो. पण त्या पानात बसवलेला छोटासा प्रोग्रॅम आपल्या ब्राउझरमध्ये चालू होतो, पत्ता वाचतो, खण सुटे करतो आणि मोजणी करणाऱ्या यंत्रणेकडे पाठवून देतो. एकाच जाहिरातीचं निळं आणि लाल चित्र ताडून बघायचंय? सगळं तसंच ठेवून फक्त 'यूटीएम_कंटेंट'मध्ये एकीकडे 'निळं' आणि दुसरीकडे 'लाल' लिहायचं. इतकी साधी, इतकी सुंदर युक्ती! 'यूटीएम'मधलं 'यू' म्हणजे अर्चिन (Urchin), ही पद्धत काढणारी कंपनी. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली, पण तिचं आद्याक्षर आजही असंख्य लिंकांमधून फिरतंय.

युक्ती साधी असल्यामुळे फसतेही साधेपणाने. रोमन लिपीत ईमेलचं पहिलं अक्षर एकदा मोठं आणि एकदा लहान लिहिलं, तर अहवालात दोन वेगळे स्रोत दिसू शकतात. कुणी जाहिरातीतून आलं, पान आवडलं म्हणून पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला, तर शेपटीही सोबत जाते. मग ग्रुपमधली जी माणसं ती लिंक उघडतील, ती जाहिरात न बघताच तिच्या खात्यावर जमा होतात.

याहून मोठी चूक आकडे वाचताना होते. 'या जाहिरातीतून इतके लोक आले' याचा अर्थ 'या जाहिरातीमुळे आले' असा घेतला जातो. गंडा बांधला आणि ताप उतरला, म्हणून श्रेय गंड्याला, तसंच हे. ताप एरवीही उतरला असता का, हे विचारायचं राहूनच जातं. दशांश चिन्हापर्यंतचे आकडे आणि रंगीत आलेख दाखवून जाहिरातीची किमया विकणाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारते.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटच्या अर्थशास्त्रज्ञांनी तो खरोखर विचारला. २०१२ मध्ये त्यांनी काही सर्च इंजिनांवर 'ईबे' या शब्दाच्या शोधावर दिसणाऱ्या स्वतःच्या जाहिराती बंद केल्या. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. जाहिरातीवरचे जे क्लिक गेले, त्यातले सुमारे ९९.५ टक्के फुकटच्या निकालांमधून परत आले. लोकांना ईबेवरच जायचं होतं. जाहिरात फक्त वर होती, म्हणून तिच्यावर बोट पडत होतं.

मग त्यांनी इतर शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेतल्या काही भागांत बंद ठेवल्या, बाकीच्या भागांत चालू ठेवल्या आणि दोन्हीकडची विक्री ताडून पाहिली. औषधाची चाचणी घेतात तशीच ही पद्धत. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या खरेदीत जवळपास काहीच फरक पडला नाही. फरक दिसला तो नव्या किंवा क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांत, आणि खर्चाचा मोठा वाटा मात्र नेहमीच्यांच्याच क्लिकवर जात होता.