नेट नसलं तरी गिट चालतं

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्ये आणि हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) म्हणजेच गिटहब (गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवायची साइट), त्यामुळे नेट गेलं की काम थांबलं. हे चूक आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, गिट लिहायला घेतलं. गिटहब आलं २००८ मध्ये. तोवर कर्नलचे डेव्हलपर त्याच्याशिवायच काम करत होते. आजही त्यांचे पॅच (कोडमधले बदल) मुख्यतः ईमेलनेच जातात.

क्लोन केल्यावर, म्हणजे प्रकल्पाची प्रत आपल्याकडे उतरवल्यावर, फक्त ताज्या फायली येत नाहीत, सगळा इतिहास तुमच्या लॅपटॉपवर उतरतो. म्हणून कमिट (बदल इतिहासात नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी फांदी काढणं), मर्ज (फांद्या जोडणं), लॉग (नोंदी पाहणं), डिफ (फरक पाहणं) यांना सर्व्हर लागत नाही. क्लोन, फेच आणि पुल (दुसरीकडचे बदल आणणं) आणि पुश (आपले बदल तिकडे पाठवणं) यांना नेटवर्क लागतं, तेही रिमोट, म्हणजे प्रकल्पाची दुसरीकडची प्रत, दुसऱ्या मशीनवर असेल तरच. रिमोट म्हणून पेन ड्राइव्हसुद्धा चालतो!

या गैरसमजाने खरं नुकसान होतं. मुलं दिवसभराचे बदल साठवतात आणि रात्री एकच भलंमोठं कमिट टाकतात, संदेश 'फायनल'. मग बिघाड नेमका कुठल्या बदलाने झाला, हे शोधायचं कसं? कमिट छोटी असतील तर गिट बायसेक्ट (दर वेळी निम्मी कमिट बाद करत शोधणारी कमांड) हजार कमिटमधलं दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत दाखवतं. तेव्हा हिंजवडीच्या बसमध्ये रेंज नसली तरी कमिट करत राहा.

फक्त पुश होईपर्यंत ते काम तुमच्याच डिस्कवर असतं. घरी पोहोचलात की आधी पुश करा.